बरोबरीची किंमत

१२ जानेवारी २०२५, रविवार. एफए कपच्या तिसऱ्या फेरीत टॅमवर्थ विरुद्ध टॉटनहॅम. ९० मिनिटं संपली तेव्हा फलकावर शून्य-शून्य होतं.

टॅमवर्थ हा तेव्हा इंग्लंडच्या फुटबॉल उतरंडीत पाचव्या पायरीवरचा क्लब. खेळाडू तेव्हा अर्धवेळ, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून सरावाला येणारे. गोलरक्षक जस सिंग पेशाने बिल्डिंग सर्व्हेअर. मैदानाचं नाव ‘द लॅम्ब’. तिथे जेमतेम चार हजार माणसं मावतात आणि खेळ होतो तो कृत्रिम गवतावर. समोर प्रीमियर लीगमधला टॉटनहॅम, ज्याच्या स्वतःच्या स्टेडियममध्ये ६२ हजारांहून जास्त खुर्च्या आहेत.

आदल्या मोसमापर्यंत हा सामना इथेच थांबला असता. दोन्ही संघांनी हस्तांदोलन केलं असतं आणि काही दिवसांनी टॉटनहॅमच्या घरी पुन्हा सामना झाला असता. त्याला ‘रिप्ले’ म्हणतात. पण २०२४-२५च्या मोसमापासून मुख्य फेऱ्यांमधले रिप्ले रद्द झाले, त्यामुळे लगेच जादा वेळ सुरू झाला. टॉटनहॅमने बाकावर बसवलेले महागडे खेळाडू तोवर मैदानात उतरले होते. १०१व्या मिनिटाला स्वयंगोल झाला, मग कुलुसेव्हस्की, मग ब्रेनन जॉन्सन. टॅमवर्थ ०-३ने हरलं.

या सामन्याची गोष्ट ज्या सुरात सांगितली जाते तो आपल्या ओळखीचा आहे. छोट्यांनी मोठ्यांना घाम फोडला, हरले पण मनं जिंकली, हीच तर कपची जादू! या सुराबद्दल मला काही म्हणायचं आहे. कारण मनं जिंकणाऱ्यांच्या हातातून त्या दिवशी नेमकं काय निसटलं, ते या सुरात सांगताच येत नाही.

हिशेब साधा आहे. लीगच्या सामन्यात तिकिटांचे पैसे यजमान क्लबाचे. एफए कपमध्ये मात्र ते वाटले जातात. खर्च वजा जाता ४५ टक्के यजमानाला, ४५ टक्के पाहुण्यांना आणि १० टक्के सामायिक निधीला, अशी ही जुनी विभागणी. म्हणजे चार हजारांच्या मैदानावर खेळलात तर चार हजार तिकिटांतला वाटा. मोठ्या क्लबाच्या घरी साठ हजार प्रेक्षकांसमोर खेळलात, तर तितकाच वाटा साठ हजार तिकिटांतला. तिकिटाचा दर एकच धरला तरी रक्कम पंधरापट होते. सामना टीव्हीवर दाखवला तर त्याचे पैसे वेगळे. टॅमवर्थचा सामना ब्रिटनमध्ये टीव्हीवर दाखवला गेला, म्हणजे ते अगदीच रिकाम्या हाताने गेले नाहीत. पण ९० मिनिटं झुंजून त्यांनी जो दुसरा सामना कमावला होता, तो खेळलाच गेला नाही.

ही कमाई जिंकून झालेली नव्हती, बरोबरीत सुटून झालेली होती. कपच्या गोष्टीत कोण जिंकलं याला महत्त्व असतं. छोट्या क्लबाच्या खतावणीत वर्षानुवर्षं महत्त्व होतं ते बरोबरीला. घरच्या मैदानावर मोठ्या संघाला रोखायचं, मग त्याच्या घरी जाऊन चार-पाच गोल खायचे आणि चेक घेऊन परत यायचं. यात नामुष्की नव्हती. हा एक शहाणा, जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला व्यवहार होता.

आता कपची सगळ्यात लाडकी गोष्ट घेऊ. ५ फेब्रुवारी १९७२, हेरफर्ड विरुद्ध न्यूकॅसल. चिखलाने माखलेलं एडगर स्ट्रीट मैदान. पेशाने सुतार असलेल्या रॉनी रॅडफर्डने तीसेक यार्डांवरून मारलेला गोल थेट जाळीच्या वरच्या कोपऱ्यात. मैदानात धावत सुटलेली, पार्का जाकिटं घातलेली पोरं. जादा वेळेत रिकी जॉर्जचा गोल आणि लीगबाहेरच्या हेरफर्डचा २-१ असा विजय. ही चित्रफीत ब्रिटिश टीव्हीने पन्नास वर्षं दाखवली. एफए कपची ओळख करून द्यायची झाली की रॅडफर्डचा गोल हजर. आज तो तुम्हाला मोबाइलवर दहा सेकंदांत सापडेल.

हा गोल रिप्लेमधला आहे. पहिला सामना न्यूकॅसलच्या मैदानावर २-२ असा बरोबरीत सुटला होता. म्हणून तर दुसरा सामना हेरफर्डच्या चिखलात झाला. ज्या नियमामुळे हा गोल होऊ शकला तो नियम काढून टाकला गेला, आणि गोल मात्र जाहिरातीसाठी ठेवला गेला. गोलचे रिप्ले हवे तितके बघा, सामन्याचा रिप्ले मिळणार नाही.

गोष्टीची कात्री आणखी एका ठिकाणी चालते. त्या विजयानंतर, १९७२च्याच उन्हाळ्यात, हेरफर्डला मतदानाने फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला. तो अध्याय पुष्कळदा सांगतात. पण डिसेंबर २०१४मध्ये कर्जबाजारी हेरफर्ड युनायटेड न्यायालयाच्या आदेशाने बंद झाला, हा अध्याय कोणी त्या चित्रफितीला जोडत नाही. आज त्या मैदानावर खेळतो तो नंतर नव्याने उभा राहिलेला क्लब. म्हणजे इंग्लिश फुटबॉलमधला पुन्हा पुन्हा दाखवला गेलेला हा गोल अशा क्लबाचा आहे, जो आता कागदोपत्री अस्तित्वात नाही. गोष्ट अमर झाली, क्लब मेला.

याच्या उलट दोन सामने असे आहेत, ज्यांची चित्रफीत कोणी शोधून बघणार नाही, कारण दोन्ही शून्य-शून्य सुटले.

पहिला, ८ जानेवारी २००५. एक्सेटर सिटी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध. एक्सेटर २००३मध्ये लीगमधून घसरून पाचव्या पायरीवर आला होता. गैरव्यवहारांनी पोखरलेला, कर्जात रुतलेला क्लब समर्थकांच्या ट्रस्टने चालवायला घेतला होता. ६७ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांनी बरोबरी साधली. ११ दिवसांनी त्यांच्या घरच्या मैदानावर रिप्ले झाला आणि रोनाल्डो व रूनी यांच्या गोलांनी ते ०-२ हरले. या दोन सामन्यांच्या पैशांनी कर्ज निस्तरायला मोठा हात दिला. एक्सेटर २००८मध्ये लीगमध्ये परतला आणि आजही तो समर्थकांच्याच मालकीचा आहे.

दुसरा, बरोबर एका वर्षाने, ८ जानेवारी २००६. बर्टन अल्बियनच्या नव्याकोऱ्या मैदानावर पुन्हा तोच मँचेस्टर युनायटेड, पुन्हा शून्य-शून्य. रिप्लेसाठी बर्टनचे सुमारे ११ हजार समर्थक ओल्ड ट्रॅफर्डला गेले. त्यांचा संघ ०-५ हरला. गोष्टीच्या व्याकरणात हा दारुण पराभव. पण तीन वर्षांनी बर्टन फुटबॉल लीगमध्ये होता, आणि दहा वर्षांनी, २०१६मध्ये, दुसऱ्या पायरीवर, चॅम्पियनशिपमध्ये. हे सगळं एका बरोबरीने घडलं असं मी म्हणणार नाही. चांगलं व्यवस्थापन होतं, निगेल क्लफसारखा प्रशिक्षक होता. पण त्या दोन सामन्यांनी आलेला पैसा हा चांगल्या व्यवस्थापनाला मिळालेला श्वास होता.

आता योगायोग बघा. टॅमवर्थ टॉटनहॅमपर्यंत पोहोचलं ते दुसऱ्या फेरीत याच बर्टनला पेनल्टीवर हरवून. एका पिढीपूर्वी बर्टन ज्या दारातून आत शिरला, त्या दारापाशी टॅमवर्थ पोहोचलं तेव्हा तिथे भिंत बांधून झाली होती.

ही भिंत एका रात्रीत उभी राहिली नाही. एके काळी निकाल लागेपर्यंत रिप्ले खेळवत. १९७१मध्ये पात्रता फेरीत अल्वचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी सहा सामने, एकूण ११ तास, एकमेकांशी भिडले होते. १९९१-९२पासून एकच रिप्ले आणि मग पेनल्टी असं ठरलं. पुढे अंतिम, उपांत्य, उपांत्यपूर्व आणि पाचव्या फेरीतले रिप्ले एकेक करून गेले. कोविडच्या काळात ते तात्पुरते पूर्ण थांबले. एप्रिल २०२४मध्ये फुटबॉल असोसिएशन आणि प्रीमियर लीग यांनी सहा वर्षांचा करार जाहीर केला आणि पहिल्या फेरीपासूनचे रिप्ले कायमचे संपले. बदल्यात तळागाळातल्या फुटबॉलसाठी दरवर्षी ३ कोटी ३० लाख पौंडांपर्यंत जादा निधी देण्याचं ठरलं. खालच्या तीन पायऱ्यांवरच्या ७२ क्लबांची संघटना असलेल्या ईएफएलने उघड नाराजी व्यक्त केली, की हा निर्णय आमच्या क्लबांना विश्वासात न घेता झाला. असोसिएशनचं म्हणणं, संबंधित मंडळात चर्चा झाली होती आणि त्यावर ईएफएलचेही प्रतिनिधी होते.

मोठ्या क्लबांची बाजू पोकळ नाही. २०२४-२५पासून चॅम्पियन्स लीगच्या प्राथमिक टप्प्यात प्रत्येक संघाला सहाऐवजी आठ सामने खेळावे लागतात आणि त्यांतले दोन जानेवारीत येतात. ऐन रिप्लेच्या दिवसांत. खेळाडूंचे स्नायू म्हणजे यंत्राचे सुटे भाग नव्हेत. पण जागा भरली कुणी, हाही प्रश्न आहे. ती भरली जास्त पैसा देणाऱ्या सामन्यांनी. पाहुणे वाढले म्हणून घरातल्या म्हाताऱ्याची खाट ओसरीवर काढायची आणि मग म्हणायचं, काय करणार, जागाच नाही!

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रिप्ले म्हणजे लॉटरी. चिठ्ठीत मोठा क्लब निघायला हवा, मग बरोबरी व्हायला हवी. वर्षाला दोन-चार क्लबांचं नशीब उघडणार आणि बाकीचे कोरडे राहणार. असल्या आधारावर कुणी अर्थव्यवस्था उभी करतं का? हे खरं आहे, आणि नशीब किती लहरी असतं याचं उदाहरण टॉटनहॅमच्याच नावावर आहे. जानेवारी २०२१मध्ये आठव्या पायरीवरच्या मरीन या क्लबाला चिठ्ठीत टॉटनहॅम लागला. दोघांमध्ये क्रमवारीत १६१ स्थानांचं अंतर. क्लबाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस, आणि नेमका कोविड. मैदान रिकामं. कुंपणाला लागून असलेल्या घरांतली माणसं तेवढी आपापल्या अंगणांतून सामना बघत होती. मग मरीनने १० पौंडांचं आभासी तिकीट काढलं. त्यावर कुठलीही जागा मिळणार नव्हती, तरी ३० हजारांहून जास्त तिकिटं खपली. ती घेणाऱ्यांत टॉटनहॅमचे तेव्हाचे प्रशिक्षक जुझे मोरिन्यूही होते. संघ ०-५ हरला, क्लब तरला.

मरीनची गोष्ट गोड आहे, आणि तिच्या गोडीतच अडचण आहे. लोकांनी दान केलं म्हणून ती गोड झाली. पाहुण्या क्लबाचा तिकिटांतला वाटा हे दान नव्हतं, तो हक्क होता. इंग्लंडच्या लीगमध्येही १९८३पर्यंत पाहुण्या संघाला तिकिटांच्या पैशांतला हिस्सा मिळत असे. ते बंद झालं. १९९२मध्ये वरचे क्लब प्रीमियर लीग काढून वेगळे झाले आणि टीव्हीच्या पैशाचा मोठा ओघ वरच राहिला. वाटणीच्या जागा अशा एकेक करून मिटत गेल्या तेव्हा कप ही उरलेली जागा होती, जिथे मोठा आणि छोटा एका दिवसापुरते एकाच गल्ल्यातून सारखे पैसे घेत. रिप्ले लॉटरी झाला तो यामुळे. नेहमीच्या वाटा बंद झाल्यावर माणूस तिकिटाकडेच डोळे लावून बसतो. म्हणून ‘लॉटरी हे काही धोरण नव्हे’ असं म्हणणाऱ्याने पुढचं वाक्यही पूर्ण करायला हवं, की धोरण काय? तळागाळाला दिलेला जादा निधी चांगलाच आहे. पण तो वरून येतो, देणाऱ्याच्या मर्जीने आणि मुदतीने येतो. रिप्लेचा पैसा पाचव्या पायरीवरच्या ११ जणांनी ९० मिनिटं पळून मिळवलेला असे. दोन्ही पौंडांत मोजता येतात म्हणून ते सारखे होत नाहीत.

या गोष्टीचं सध्याचं सगळ्यात लोकप्रिय रूप म्हणजे ‘वेलकम टू रेक्सम’ ही माहितीपट-मालिका. ‘डेडपूल’वाला रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेलहेनी हे दोन अभिनेते २०२१मध्ये वेल्समधला एक थकलेला जुना क्लब विकत घेतात आणि पुढे तो क्लब पायऱ्या चढत जातो. मालिका देखणी आहे. खेळाडूंपेक्षा गावातली माणसं, पबचा मालक, स्टँडमधले चाहते तिच्यात जास्त लक्षात राहतात, आणि त्यांच्याबद्दल तिला खरी माया आहे. पण ती नकळत एक धडाही देते, की छोट्या क्लबाला वाचवायला बाहेरून कुणीतरी देखणा राजपुत्र यावा लागतो. जानेवारी २०२३मध्ये याच रेक्समने शेफील्ड युनायटेडला कपमध्ये ३-३ असं रोखलं आणि ७ फेब्रुवारीला शेफील्डमधला रिप्ले १-३ गमावला. जिंकले असते तर पुढच्या फेरीत घरच्या मैदानावर टॉटनहॅम होता. रेक्समचं काही अडलं नाही. त्याच मोसमात १११ गुण मिळवून ते वरच्या पायरीवर गेले. त्यांच्यासाठी रिप्ले हा एक रंगतदार प्रसंग होता. एक्सेटरसाठी तो श्वास होता. एक्सेटरकडे राजपुत्र नव्हता. वर्गणी काढणारे समर्थक होते आणि एक बरोबरी होती. एक्सेटरच्या वाट्याला अशी जगभर गाजणारी मालिका आली नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही. समर्थकांच्या ट्रस्टची मासिक सभा कॅमेऱ्यात फारशी चांगली दिसत नसावी.

मुंबई-पुण्यात किंवा पणजीत बसून हे वाचणाऱ्याचा या सगळ्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, कारण हे सगळं आपल्यासाठी चाललेलं आहे. प्रीमियर लीगचे हक्क जगभर विकले जातात आणि त्या पैशात आपल्या मोबाइलवरच्या डोळ्यांचाही हिशेब धरलेला असतो. वेळापत्रकात मोठ्यांविरुद्ध मोठे असे सामने वाढतात, कारण दूरच्या प्रेक्षकाला तेच हवे असतात असं गृहीत धरलेलं आहे. आणि चवीपुरती छोट्या क्लबाची हृदयस्पर्शी चित्रफीतही आपल्यालाच पाठवली जाते. आपण ती बघतो, पुढे पाठवतो, खाली लाल हृदय टाकतो. यात वाईट काही नाही. पण जिच्यावर आपण जीव लावतो ती गोष्ट शेवटचा परिच्छेद कापून आपल्याकडे येते, एवढं कळलं तर तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. पुढच्या वेळी कपची जादू हे शब्द ऐकलेत तर एक प्रश्न विचारा: या जादूतून क्लबाच्या हाती काय लागलं?

मराठीत ‘बरोबरी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. सामना बरोबरीत सुटतो ती एक बरोबरी. ‘त्यांची बरोबरी करू नकोस’ असं मोठी माणसं दटावतात, ती दुसरी. रिप्लेच्या नियमात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. ९० मिनिटं बरोबरी टिकवणाऱ्या छोट्याला मोठ्याच्या घरी, मोठ्याच्या गल्ल्यात, बरोबरीचा वाटेकरी म्हणून बोलावलं जाई. आता पहिली बरोबरी ९०व्या मिनिटापर्यंत करायची मुभा आहे. दुसरी करता येत नाही.